माहुलच्या खाडीत रोहित कधी आले?

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यात नववीच्या काही मुलांना घेऊन आम्ही शिवडीच्या धक्क्यावर गेलो होतो. भरती चढत होती. समोरच्या चिखलावर हजारो रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, माना खाली घालून खात होते आणि पाण्याच्या कडेबरोबर हळूहळू किनाऱ्याकडे सरकत होते. त्यांच्या पलीकडे, खाडीच्या दुसऱ्या काठावर, माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या आणि त्यांच्यामागे तुर्भ्याची टेकडी दिसत होती.

एका मुलीने विचारले, "हे पक्षी इथे पहिल्यांदा कधी आले?" उत्तर आम्हाला पाठ होते. "१९९४ च्या सुमारास," आम्ही सांगून टाकले. तिने लगेच दुसरा प्रश्न केला, "पण त्याच्या आधी ते नव्हते, हे कसे कळले?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. प्रश्न साधा वाटतो, पण तो विज्ञानाच्या पद्धतीच्या मुळाशी जातो. 'नव्हते' आणि 'कोणी पाहिले नव्हते' या दोन विधानांत मोठा फरक आहे. माहुलच्या खाडीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा फरक का महत्त्वाचा आहे हे चांगले समजते.

बेटावरचे गाव

माहुल हे आज मुंबईच्या पूर्व उपनगरातील एक कोपरा आहे. पूर्वी ते तुर्भे बेटावरचे गाव होते. हे तुर्भे म्हणजे इंग्रजांचे ट्रॉम्बे. नव्या मुंबईतील तुर्भे वेगळे. बेटाच्या लांबट आकारामुळे इंग्रज दर्यावर्दी त्याला 'बैलाची जीभ' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. मध्ये सुमारे तीनशे मीटर उंचीची टेकडी, तिच्या पायथ्याशी भातखाचरे, त्याखाली खाजण आणि मिठागरे, मग तिवरांची झाडी आणि शेवटी ओहोटीला उघडा पडणारा चिखल. टेकडीपासून समुद्रापर्यंतच्या एवढ्या थोड्या अंतरात पक्ष्यांसाठी इतके वेगवेगळे अधिवास एकत्र मिळणे ही मोठी सोय होती.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला अशा जागी काय दिसते, याची कल्पना कोकणातील कोणत्याही खाडीकाठच्या गावावरून करता येते. कापणी होऊन महिने लोटलेल्या कोरड्या खाचरांत टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. चंडोल गात वर चढतो. गायबगळ्याच्या डोक्यावर आणि छातीवर नारिंगी पिसे येतात. वंचकाची, म्हणजे ढोकरीची, मातकट पाठ गर्द तांबडी होते. चिखलावर तर याहून मोठा बदल घडत असतो. हिवाळाभर करड्या दिसणाऱ्या चिखल्या पक्ष्यांच्या छातीवर एप्रिलमध्ये केशरी पट्टा उमटतो. बाकदार चोचीचा तुतवार विटकरी लाल होतो. हे पक्षी थोड्याच दिवसांत उत्तरेकडे निघणार असतात, चिखल्या मध्य आशियाच्या डोंगराळ भागात आणि हा तुतवार थेट सैबेरियाच्या टुंड्रा प्रदेशात. प्रवासापूर्वी ते अंगावर भरपूर चरबी साठवतात, आणि ती चरबी याच चिखलातील किडे, शिंपले आणि कृमी खाऊन तयार होते. हिवाळी पाहुणे निघण्याच्या तयारीत असतात, तेव्हा टेकडीवर पावशा ओरडू लागतो आणि जूनच्या तोंडावर चातक येतो. एकाच महिन्यात कोणी जाते, कोणी रंग बदलते, कोणी येते. म्हणून पक्षीनिरीक्षणाला उन्हाळ्याची सुरुवात हा फार शिकवणारा काळ आहे.

पण हे आपण सर्वसाधारण ज्ञानावरून सांगितले. माहुलच्या खाचरांत १८८० साली, १९२० साली किंवा १९५० साली नेमके किती चंडोल होते, चिखलावर किती तुतवार होते आणि रोहित होते की नव्हते, हे सांगायचे तर त्या काळच्या नोंदी हव्यात. त्या नोंदी कोणी आणि कशा केल्या?

याद्या करणारी माणसे

मुंबई इलाख्यातील पक्ष्यांच्या शास्त्रीय नोंदींना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोर आला. ॲलन ह्यूम यांनी १८७२ च्या सुमारास 'स्ट्रे फेदर्स' हे पक्षीविषयक नियतकालिक सुरू केले. त्यात १८८० साली विडाल या सनदी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. १८८५ मध्ये बार्न्स या लष्करी अधिकाऱ्याचे मुंबई इलाख्यातील पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले.

दरम्यान १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या आठांत दोन भारतीय होते आणि दोघेही डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. आपापली निरीक्षणे एकमेकांना सांगावीत, गोळा केलेले नमुने दाखवावेत, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांनी १९०० साली मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर एक सुबोध पुस्तक लिहिले.

१९०८ च्या सुमारास एक शाळकरी मुलगा छऱ्याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन या संस्थेत आला. चिटणीस मिलार्ड यांनी त्याला ती ओळखून दिली आणि कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. हा मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. पुढे त्यांनी हुमायून अब्दुलअली यांच्याबरोबर मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची तपशीलवार यादी तयार केली. ती १९३६ ते १९३९ या काळात संस्थेच्या नियतकालिकात क्रमशः आली. आपल्या शहराच्या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्याला आजही तेथूनच सुरुवात करावी लागते.

या मंडळींचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या कामाचे स्वरूपही नीट समजून घेतले पाहिजे. ती यादी होती. यादीत 'काय दिसले' ते येते. पक्षी विरळा असेल तर कोठे आणि कोणत्या महिन्यात दिसला तेही येते. नेहमीचा असेल तर 'सर्वत्र आढळतो' एवढे पुरते. यादी करणारा माणूस नव्या जातीच्या शोधात असतो. शंभरावी टिटवी त्याला काही नवे सांगत नाही. शिवाय तो जेथे सहज जाता येते तेथे जातो. झाडीच्या टेकड्या आणि तळी त्याला बोलावतात. घोट्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुतवणारा खाडीचा चिखल, तोही भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून, कोण तुडवणार?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यादीत शून्य नसते. 'आज माहुलच्या चिखलावर दोन तास उभा होतो, रोहित एकही दिसला नाही' असे वाक्य यादीत येत नाही.

मोजणारी माणसे

१९०० या सालाचा उल्लेख वर आला. त्याच वर्षी अमेरिकेत एक वेगळी गोष्ट घडली. तेथे नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन बाहेर पडायचे आणि जास्तीत जास्त पक्षी मारण्याची पैज लावायची, अशी रूढी होती. फ्रँक चॅपमन या पक्षीशास्त्रज्ञाने सुचवले की, पक्षी मारण्याऐवजी मोजावेत. २५ डिसेंबर १९०० रोजी २७ माणसांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले. ही नाताळची पक्षीगणना आजतागायत दरवर्षी होते. त्या पहिल्या गणनेत नवे काहीच सापडले नव्हते. तिचे मोल शंभर वर्षांनी कळले. कोणता पक्षी कमी झाला, कोणता उत्तरेकडे सरकला, हे सांगणारा एवढा लांब आणि अखंड पुरावा फार थोड्या ठिकाणी आहे.

आपल्याकडे मोजणी झालीच नाही असे नाही. रोहित पक्ष्यांचेच उदाहरण घेऊ. कच्छच्या मोठ्या रणात रोहित घरटी करतात, ही गोष्ट कच्छचे महाराव खेंगारजी यांच्यामुळे जगापुढे आली. लेस्टर यांनी १८९३ मध्ये ती सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवली. १९४५ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे याच ऋतूत, सलीम अली त्या ठिकाणी गेले आणि तेथील मोठ्या रोहितांची संख्या त्यांनी सुमारे पाच लाख अंदाजली. छोटा रोहितही कच्छमध्ये वीण करतो, हे त्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. वाळवंटातून प्रवास करून कोणी तरी तेथे गेले आणि त्याने आकडा लिहून ठेवला, म्हणून आज आपण १९४५ शी तुलना करू शकतो. मुंबई शहराच्या कुशीत असलेल्या माहुलच्या चिखलाला हे भाग्य लाभले नाही.

कुंपण आणि चिमण्या

स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत तुर्भे बेटाचे रूप पालटले. १९५४ मध्ये स्टॅनव्हॅक कंपनीचा आणि १९५५ मध्ये बर्मा शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. १९७० च्या दशकात दोन्ही सरकारी मालकीचे झाले. आजचे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमचे कारखाने ते हेच. १९५६ मध्ये टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आले. १९६५ मध्ये खत कारखान्यात उत्पादन सुरू झाले. टेकडीच्या पलीकडच्या बाजूला अणुशक्ती केंद्र उभे राहिले आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. १९६७ पासून हे केंद्र डॉ. होमी भाभा यांच्या नावाने ओळखले जाते.

या सर्वांचे परिणाम एकाच दिशेचे नव्हते. भातखाचरे आणि मिठागरांची जागा टाक्या, रस्ते आणि वसाहतींनी घेतली. उलट, टेकडीचा मोठा भाग सुरक्षेसाठी कुंपणात गेल्यामुळे इमारतींच्या लाटेतून बराचसा वाचला. कारखान्यांच्या पुढचा किनाराही सामान्य माणसाला बंद झाला. माणसांची वर्दळ नसल्याने पक्ष्यांना निवांतपणा मिळाला असेल, पण त्याच कारणाने पक्षी पाहणाराही तेथे पोहोचला नाही. गेलेल्या खाचरांबरोबर किती टिटव्या आणि किती चंडोल गेले, याचा आकडा म्हणून आपल्याकडे नाही.

जे दिसले आणि जे मोजले

भारतात पाणपक्ष्यांची नियमित गणना १९८७ पासून सुरू झाली. आशियातील अनेक देशांत जानेवारीत एकाच सुमारास होणाऱ्या गणनेचा तो भाग होता. तिचा उपयोग मोठा आहे, पण ती जानेवारीची गणना आहे. एप्रिल-मे महिन्यांत चिखलावर काय घडते, ते तीवरून कळत नाही.

शिवडी-माहुलच्या चिखलावर रोहितांचे मोठे थवे येतात, अशी चर्चा १९९० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाली. साल सांगायचे तर बहुधा १९९४ सांगितले जाते. पुढे वर्तमानपत्रांतून दहा ते पंधरा हजार असा आकडा येऊ लागला. २००४ मध्ये भारतातील पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या क्षेत्रांची जी यादी प्रसिद्ध झाली, तीत माहुल-शिवडीच्या खाडीचा समावेश झाला. सलग दहा वर्षे चालवायचा शास्त्रीय अभ्यास सोसायटीने ठाणे खाडीत २०१८ मध्ये हाती घेतला. तेव्हा सबंध खाडीतील रोहितांची संख्या एक लाखाच्या वर गेल्याचे दिसले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. हे पक्षी १९९० च्या दशकात आले असे मानले, तर का आले? त्यासाठी त्यांचे खाणे समजून घ्यावे लागेल.

रोहित आपली चोच उलटी करून पाण्यात बुडवतो. जाड जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होऊन पाणी आत ओढते आणि बाहेर टाकते. चोचीच्या कडांना असलेल्या बारीक पट्ट्यांच्या जाळीत अन्न अडकते. मोठ्या रोहिताची जाळी भरड असते; तो लहान शिंपले, कवचधारी जीव आणि कीटकांच्या अळ्या गाळून घेतो. छोट्या रोहिताची जाळी फार बारीक असते. त्याचे मुख्य अन्न म्हणजे निळी-हिरवी शेवाळे आणि डायटम ही सूक्ष्म शैवाले. गुलाबी रंगही त्यांना अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे मिळतो, म्हणून पिल्ले राखाडी असतात. शिवडी-माहुलला येणाऱ्यांत छोट्या रोहितांचे प्रमाण फार मोठे आहे.

त्यामुळे एक कारण असे मांडले जाते: शहराच्या सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरसची संयुगे खाडीत आली, त्यांच्यामुळे शैवाले माजली आणि ती खाणारे पक्षी आले. दुसरे कारण गाळाचे: पूल, भराव आणि बांधकामांमुळे खाडी उथळ होत गेली आणि चिखलाचे सपाट पट्टे वाढले. तिसरे कारण दूरचे: गुजरातेतील जागांत काही बदल झाले आणि पक्ष्यांनी नवी जागा शोधली. चौथी शक्यता अशी की, थोडे पक्षी पूर्वीपासून येत असतील. दुर्बिणी आणि पक्षीनिरीक्षक वाढले तेव्हा ते दिसू लागले.

चारही कारणे पटण्याजोगी आहेत, आणि ती एकाच वेळी खरी असू शकतात. त्यांतून निवड करायची तर १९७० ते १९९४ या काळातल्या दरवर्षीच्या नोंदी हव्यात. एखाद्या माणसाने दर एप्रिलला एकाच जागी उभे राहून 'शून्य, शून्य, चाळीस, दोनशे, तीन हजार' असे लिहून ठेवले असते, तर ती वही आज अमूल्य ठरली असती. संख्या हळूहळू वाढली की एकदम, यावरून शैवालांची गोष्ट आणि स्थलांतराची गोष्ट वेगळी करता आली असती. त्या वहीतील सर्वांत मोलाचा आकडा शून्य हाच असता.

आमची वही

दुसऱ्यांना दोष देण्याआधी आमचीच वही उघडून दाखवणे बरे. महाविद्यालयात असताना, १९९९ ते २००३ या काळात, आम्ही चार मित्र शिवडीला बरेचदा जात असू. वही ठेवत असू आणि तिचा आम्हाला अभिमानही होता. पुढे एका अभ्यासासाठी जुन्या नोंदी गोळा करण्याचे काम निघाले, तेव्हा ती वही आम्ही मोठ्या उत्साहाने बाहेर काढली.

पहिल्या पानावर होते, 'रोहित – पुष्कळ.' दुसऱ्या पानावर, 'रोहित – खूपच, सुंदर दृश्य.' तिसऱ्या पानावर तारीख होती, वेळ नव्हती. म्हणजे भरती होती की ओहोटी हे कळायला मार्ग नव्हता. दोन वेळा आम्ही गेलो आणि पक्षी दिसले नाहीत, हे चौघांनाही आठवत होते. त्या दिवसांची पाने वहीत नव्हतीच. काही दिसले नाही तर लिहायचे काय, असे आम्हाला तेव्हा वाटले होते. पाच वर्षांच्या त्या वहीतून उपयोगी पडेल असा एकही आकडा निघाला नाही.

आम्ही विज्ञानाचे विद्यार्थी होतो. प्रयोगशाळेत अभिक्रिया झाली नाही तर 'झाली नाही' असे लिहायला आम्ही शिकलो होतो. ही शिस्त प्रयोगशाळेच्या दाराबाहेरही लागते, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते आणि आमचे आम्हाला सुचलेही नाही.

नोंद नसेल तर काय बिघडते?

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही. शिवडीपासून न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या २१.८ किलोमीटर लांबीच्या सागरी पुलाचे काम २०१८ मध्ये सुरू झाले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तो या चिखलावरून जातो. पुलाने पक्ष्यांवर काय परिणाम केला, हे ठरवायला पुलापूर्वीची अनेक वर्षांची मोजमापे लागतात. मोठा अभ्यास सुरू झाला तो पुलाबरोबरच. पूल होऊनही पक्षी आले असे एक जण म्हणू शकतो, आणि पूर्वी याहून जास्त येत असे दुसरा म्हणू शकतो. दोघांकडेही पुरेसा आधार नसतो, आणि अशा वेळी ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे ऐकले जाते.

ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पण हे अभयारण्य ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान आहे. माहुल-शिवडीचा चिखल त्याच्या हद्दीबाहेर, दक्षिणेला राहतो. पक्ष्यांना मात्र ही हद्द ठाऊक नाही. ते भरती-ओहोटीप्रमाणे खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर, तेथून पाणथळ तळ्यांवर, असे दिवसरात्र ये-जा करतात. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवरून उतरणाऱ्या विमानाची धडक बसून ३९ रोहित मेले. त्यानंतर बरीच चर्चा झाली. पण हे थवे रात्री कोणत्या मार्गाने आणि किती उंचीवरून उडतात, याची माहिती आता कोठे जमू लागली आहे. २०२२ मध्ये सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी सहा रोहितांना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे लावली. त्यांना हुमायून, सलीम, लेस्टर, खेंगारजी अशी जुन्या नोंदकर्त्यांची नावे दिली. हुमायून पावसाळ्यात गुजरातच्या किनाऱ्यावर पोहोचल्याचे त्यातून कळले. मुंबईचे आणि गुजरातचे रोहित एका साखळीत असल्याचा हा थेट पुरावा होता.

माहुलमध्ये माणसेही राहतात, हे विसरून चालणार नाही. कारखान्यांच्या शेजारच्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये मान्य केले. तेथेही मुद्दा मोजमापाचाच होता. 'वास येतो, डोळे चुरचुरतात' ही तक्रार आणि हवेतील द्रव्यांचे आकडे, या दोहोंचे वजन कागदावर सारखे पडत नाही. ज्या जागेची मोजमापे नाहीत, त्या जागेची बाजू मांडणे कठीण असते, मग ती माणसांची असो वा पक्ष्यांची.

शाळेला काय करता येईल?

या कामाला मोठी साधने लागत नाहीत. एक वही, एक घड्याळ, जमल्यास एक दुर्बीण आणि नियमितपणा पुरतो. आमच्या चुकांवरून काही सूचना करतो.

पहिली सूचना वेळेची. भरतीच्या वेळा बंदराच्या तक्त्यांत मिळतातच, पण कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहाला. द्वादशीला नऊला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराला. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. पाऊण तास हा त्याचाच सोपा अंदाज आहे. प्रत्यक्षात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. ही पडताळणी हाच मुलांसाठी एक चांगला प्रयोग आहे. पक्षी पाहायला पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-तीन तास उत्तम, कारण चढते पाणी पक्ष्यांना काठाकडे ढकलते. सकाळी सात ते नऊ पाहायचे असेल, तर द्वादशी-त्रयोदशीचा दिवस निवडावा.

दुसरी सूचना मोजण्याची. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी पन्नास पक्षी मोजून त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवावे आणि तेवढे तुकडे थव्यात किती बसतात ते पाहावे. याचा सराव वर्गातही होतो. काळ्या कागदावर मूठभर तांदूळ पसरावे, प्रत्येकाने दहा सेकंद पाहून अंदाज लिहावा, मग दाणे मोजावेत. दर आठवड्याला असे केले की मुलांच्या अंदाजातील चूक किती कमी होते, याचा आलेख काढता येतो. आपला अंदाज किती चुकतो हे ठाऊक असणे, हेसुद्धा मोजमापच आहे.

तिसरी सूचना शून्याची. निघण्यापूर्वीच दहा-बारा पक्ष्यांची यादी वहीत उभी लिहून ठेवावी आणि परतताना प्रत्येकापुढे आकडा लिहिल्याशिवाय वही मिटू नये. २००२ मध्ये सुरू झालेल्या ई-बर्ड या जागतिक नोंदसंग्रहातही 'पाहिलेल्या सर्व पक्ष्यांची पूर्ण यादी दिली आहे का?' असे विचारतात, ते याचसाठी. यादी पूर्ण असेल तरच तीत नसलेला पक्षी दिसला नव्हता असा निष्कर्ष काढता येतो.

आणि जागा रोहितांचीच हवी असे नाही. मुलुंड-बोरिवलीच्या शाळेजवळ राष्ट्रीय उद्यानाची टेकडी आहे. तेथे पावशा पहिल्यांदा कोणत्या तारखेला ओरडला ते लिहावे. ठाणे-रायगडच्या शाळेजवळ भातखाचरे आहेत; एका ठरावीक बांधावरून मार्च ते जून दर रविवारी टिटव्या आणि चंडोल मोजावेत. जी खाचरे दहा वर्षांनी राहणार नाहीत, त्यांच्यासाठी हे जास्त निकडीचे आहे. मुले दरवर्षी पुढच्या वर्गात जातात, पण वही शाळेत राहते. तीस वर्षे चालणारी नोंद ठेवायला शाळेइतकी योग्य संस्था शोधून सापडणार नाही.

त्या मुलीला आम्ही धक्क्यावरच कबूल केले की, १९९४ च्या आधी रोहित नव्हते हे आम्ही सिद्ध करू शकत नाही. ती थोडी निराश झाली. मग तिने वहीत तारीख, वेळ आणि तिथी लिहिली आणि पक्ष्यांची नावे एकाखाली एक मांडली. रोहितांपुढे तिने मैत्रिणींबरोबर काढलेला अंदाज लिहिला. पुढची काही नावे त्या दिवशी दिसली नव्हती. "यांच्यापुढे रेघ मारू का?" तिने विचारले.

रेघ नको, आम्ही म्हटले, शून्य लिही.